मैत्रिणींच्या लग्नाचे केक आणि मोडायला काढलेली एफडी

प्रश्न : वय 38, वसईत राहते, खासगी नोकरी. दोघांचा मिळून पगार हातात 72,000 येतो. घरकर्जाचा हप्ता 21,000, घरखर्च 36,000, मुलाच्या नावे 5,000 ची आवर्ती ठेव. बाकी गाठीला 2,40,000 ची एक एफडी आहे. हौस म्हणून मैत्रिणींच्या आणि नात्यातल्या लग्नांचे केक करते. सामानाचे म्हणून 5,000 घेते, त्यातले दोनेक हजार सुटतात. गेल्या वर्षी नऊ केले, येत्या हंगामासाठी चौदा जणींनी विचारलंय. एफडीतले 1,80,000 काढून बेकरीचा डेक ओव्हन (70,000), 10 लिटरचा प्लॅनेटरी मिक्सर (45,000), मोठा फ्रीज (40,000) आणि साचे वगैरे (25,000) घ्यावं का?

उत्तर : एफडी मोडू नका. छोटा मिक्सर घ्या, ओव्हनचा विचार सध्या सोडा.

आधी ते सुटणारे दोन हजार तपासू. 6, 8 आणि 10 इंचांचा तीन मजली बटर स्पंज, आत बटरक्रीम आणि वर फाँडंट (साखरेच्या लगद्याचं आवरण), असा केक धरा. स्पंजला मैदा, साखर, लोणी प्रत्येकी 1.3 किलो आणि 24 अंडी लागतात. क्रीमला आणखी एक किलो लोणी आणि दोन किलो आयसिंग शुगर. 600 रुपये किलोच्या भावाने लोणीच 1,380 चं झालं. मैदा-साखर 130, आयसिंग शुगर 160, अंडी 190, व्हॅनिला, दूध, बेकिंग पावडर 150. दोन किलो फाँडंट 700. बोर्ड, डॉवेल (मजल्यांना आधार देणाऱ्या काड्या), खोके 600, फुलं आणि रिबीन 500, वीज 80, हॉलपर्यंतची गाडी 700. बेरीज 4,590. लोणी-अंड्यांचा हिशेब सगळ्याच जणी ठेवतात, पण खोके, डॉवेल आणि गाडी घरखर्चात मिसळून जातात. तुमचे दोन हजार तिथेच मुरले आहेत.

उरले 410. खरेदी दोन तास, भाजणं पाच, थर कापून क्रीम भरणं तीन, फाँडंट आणि फुलं पाच, हॉलवर उभारणी दोन, असे 17 तास. म्हणजे तासाला 24 रुपये. त्यात 10 इंचाचा एक थर मध्ये कच्चा राहून बसला, की तेही गेले.

यंत्रं या गणितात काहीच बदलत नाहीत, भाव बदलतो. तोच केक 9,000 ला दिलात, तर खर्च जाता 4,400 राहतात. मेहनतीचे तासाला 150 धरले तरी 2,550 होतात. यंत्रांची किंमत फेडायला केकमागे 1,850 उरले. 1,80,000 भागिले 1,850 म्हणजे 97 केक, वर्षाला चौदाप्रमाणे सात वर्षं. मेहनत फुकट धरली तरी 41 केक, म्हणजे तीन हंगाम. आणि वर्षाला चौदा हा आकडा वाढायला जागा कमी आहे. तुमच्याकडची, म्हणजे वसईच्या ख्रिस्ती समाजातली, बहुतेक लग्नं नाताळपासून राखेच्या बुधवारपर्यंत (तिथून उपवासकाळ लागतो) आणि पुढे ईस्टर ते मेअखेर असतात. आगमनकाळ (नाताळआधीचे आठवडे), उपवासकाळ आणि पावसाळ्यात ओव्हन रिकामाच बसणार. हंगामात एकाच शनिवारी तीन लग्नं आली, तर अडचण ओव्हनची नसते, तुमच्या दोन हातांची असते.

ओव्हन आज खरंच कमी पडतोय का, हेही पाहा. 60 लिटरच्या ओटीजीत (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) 10 इंचाचा साचा चारी बाजूंनी हवा खेळेल असा बसतो, 12 इंचाचा भिंतीला टेकतो आणि त्या बाजूने करपतो. मजल्याला दोन असे सहा थर चार खेपांत भाजून होतात. डेक ओव्हनने यातले दोन-तीन तास वाचतील, फाँडंटचे पाच तास तसेच राहतील. शिवाय बरेच विजेचे डेक ओव्हन घरच्या 16 अँपिअरच्या सॉकेटवर चालत नाहीत. त्यांना वेगळी वायरिंग, मंजूर भार वाढवून घेणं, कधी थ्री फेज लागतं. हा खर्च 70,000 च्या बाहेरचा. गॅसचा घेतलात तर 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर लागतो, घरगुती सिलिंडर धंद्याला लावता येत नाही.

एफडीचं म्हणाल, तर हप्ता आणि घरखर्च मिळून महिना 57,000 आहे. 2,40,000 म्हणजे चार महिन्यांचा आधार. 1,80,000 काढलेत की एका महिन्याचा उरतो. दोघांपैकी एकाची नोकरी गेली तर डेक ओव्हन हप्ता भरत नाही. मुदतीआधी मोडल्याबद्दल बहुतेक बँका व्याजात कपात करतात, पण ते दुय्यम.

काय घ्यावं? 5 लिटरचा स्टँड मिक्सर (8,000). हातातल्या मिक्सरची मोटर दोन किलोच्या घट्ट क्रीमला तापते आणि बंद पडते, तुमचा खरा खोळंबा तिथे आहे. ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर (500), कारण ओटीजीच्या बटणावरचं तापमान आणि आतलं तापमान यात बऱ्याचदा 15-20 अंशांचा फरक पडतो. कच्च्या मध्याचं आणि फुगून फुटलेल्या माथ्याचं कारण सहसा हेच. प्रत्येक मापाचे दोन साचे (3,500). जुना, चालू फ्रीज (9,000), कप्पे काढून 8 इंचाचा मजला खोक्यासकट उभा राहील असा. एकूण 21,000. महिन्याला तुमच्याकडे 10,000 उरतात, जून ते ऑगस्टच्या शिलकीतून हे होऊन जातं.

आता मैत्रिणींचं. अवघड भाग हाच आहे, आणि इथे अर्धवट राहिलात तर दोन्हीकडून तोटा. केक एक तर भेट म्हणून द्या, नाही तर ऑर्डर म्हणून घ्या. वर्षाला दोन भेटी, प्रत्येकी 5,000 पर्यंत, घरच्या आहेराच्या खात्यातून. बाकी बारा ऑर्डरी. निम्मे पैसे तारीख धरताना, उरलेले लग्नाच्या सात दिवस आधी. तारीख, मजले, चव, हॉलवर कोण उभारणार आणि हातात दिल्यानंतरची जबाबदारी कुणाची, एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा. ज्यांना 9,000 जड वाटतील त्यांना खालचा मजला थर्माकोलचा करून द्या. फोटो तोच येतो आणि सामान बरंच वाचतं. पाचशे पाहुण्यांना तसाही तीन मजल्यांचा केक पुरत नाही, वाटायचा केक वेगळा साधा भाजावा लागतो. त्याचे पैसेही वेगळे सांगा.

भाव ठरवताना हवामान धरा. मे महिन्यात उघड्या मांडवात लोण्याचं क्रीम तासाभरात घसरतं. तिथे गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण) लावा, डार्क चॉकलेट असेल तर ते क्रीमच्या दुप्पट, व्हाइट असेल तर तिप्पट. त्याने खर्च वाढतो, म्हणून मेचा भाव वेगळा ठेवा. फाँडंटचा केक फ्रीजमधून काढून दमट हवेत नेला की घामेजतो आणि रंग ओघळतो. मजले हॉलवरच एकमेकांवर चढवा. रिक्षाच्या एका धक्क्यात सगळी कमाई जाते. शक्य तिथे रममध्ये मुरवलेल्या सुक्यामेव्याचा केक सुचवा. सामान महाग पडतं, पण तो महिनाभर आधी भाजून ठेवता येतो, त्यामुळे शनिवारच्या दोन ऑर्डरीही निभतात.

कागदपत्रं सोपी आहेत. नेमाने पैसे घेता म्हणजे हा धंदाच. फॉसकॉस पोर्टलवर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) साधी नोंदणी करा. जीएसटीच्या मर्यादेच्या तुम्ही खूप खाली आहात. मिळकत विवरणपत्रात दाखवा; अंदाजित उत्पन्नाच्या तरतुदीत यूपीआयने आलेल्या रकमेच्या किमान 6 टक्के, रोखीच्या 8 टक्के नफा धरला जातो. प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर तो दाखवा. केकसाठी वेगळं बचत खातं उघडा.

पुढच्या मेअखेर ते खातं पाहा. आठ-दहा ऑर्डरी पूर्ण भावाने गेल्या असतील, त्यातल्या निम्म्या ओळखीबाहेरच्या असतील, तर 10 लिटरचा मिक्सर घ्यायला हरकत नाही. तेव्हाही एफडी न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (एफडी तारण ठेवून मिळणारी उचल) घ्या. सहसा एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त पडतो, वापराल तेवढ्यावरच व्याज लागतं, आणि पुढच्या हंगामाच्या ऑर्डरींतून तो मिटवता येतो की नाही ते आधी कागदावर मांडून बघा.