संज्ञा घोकू नकोस, उदाहरण शोध

मानसशास्त्राचं पहिलं वर्ष, म्हणजे संज्ञांची वही भरत चालली असेल. व्याख्या पाठ करण्याआधी प्रत्येक संज्ञेला रोजच्या जगण्यातलं एक उदाहरण लाव.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो 'नकारात्मक प्रबलन' या शब्दाचा. मीही पेपरात त्याला शिक्षा म्हटलं होतं. मे महिन्यात दादरच्या फलाटावर तू घामाने निथळत उभी आहेस. चार पावलं सरकून पंख्याखाली गेलीस, जिवाला बरं वाटलं. उद्या तू आल्या आल्या तिथेच उभी राहशील. त्रास गेला म्हणून वर्तन वाढलं, हे नकारात्मक प्रबलन. कुणी विनातिकीट पकडला गेला, दंड भरला आणि पुन्हा तसं केलं नाही, ही शिक्षा. इथे वर्तन घटतं. 'नकारात्मक' म्हणजे वाईट नव्हे, काहीतरी वजा होणं.

मेंदूच्या भागांची नावं माणसांशी जोड. 'हिप्पोकॅम्पस', म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणारा मेंदूचा भाग, म्हटलं की एच. एम. हा रुग्ण आठव. १९५३ साली अपस्मारावर उपाय म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला, आणि नव्या घटना त्याच्या लक्षात राहीनात. तरी आरशात बघून चांदणी गिरवायला तो दिवसागणिक सफाईने शिकला. आधी कधी गिरवल्याचं मात्र त्याला आठवत नसे. घटनांची स्मृती आणि कौशल्याची स्मृती वेगळ्या का, ते इथे दिसतं.

आणि एक कळकळीने सांगते: मैत्रिणीचा मूड दिवसात दोनदा बदलला म्हणून तिला 'बायपोलर' म्हणू नकोस; तो मनःस्थिती टोकाला जाण्याचा मानसिक आजार आहे. ज्यांच्या घरात तो आजार आहे, त्यांना तो शब्द फार लागतो.