तुमचे प्रश्न, आमची उत्तरं: बेअरिंग नवी, आवाज जुनाच

प्रश्न: नमस्कार सर, मी नाशिकमध्ये सातपूरला राहतो, दर रविवारी त्र्यंबक रोडने अंजनेरीपर्यंत जाऊन येतो. कार्बन फ्रेमची रोड बाईक आहे, बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलचे दांडे किंवा क्रँक ज्यावर फिरतात तो फ्रेममधला बेअरिंगचा भाग) प्रेसफिट, म्हणजे आटे नसलेला, दाबून बसवलेला. पावसाळ्यापासून उभं राहून पायडल मारलं की खालून कटकट येते. दोनदा बेअरिंग बदलली, महिन्याभरात आवाज परत. आता मेकॅनिक म्हणतोय सिरॅमिक बेअरिंग टाका. टाकू का?

उत्तर: नका टाकू. दोनदा नवी बेअरिंग टाकूनही आवाज येतोय म्हणजे दोष बेअरिंगचा नाही, ती जिथे बसते त्या जागेचा आहे, आणि खराब जागेत कितीही भारी बेअरिंग बसवली तरी महिन्याभरात तेच होणार.

पण त्याआधी एक करा, आवाज नक्की बीबीचाच आहे ना ते बघा. कार्बनची फ्रेम आतून पोकळ, कुठलाही आवाज तिच्यात घुमतो आणि खालूनच आल्यासारखा वाटतो. पायडल काढून आट्यांना ग्रीस लावा, चेनरिंगचे बोल्ट आवळा, सीटपोस्ट काढून पुसून परत बसवा, मागच्या चाकाचा एक्सल बघा. एवढं करूनही आवाज राहिला तरच बीबी काढा.

आता हे होतं कसं ते सांगतो. समजा तुमचं वजन 70 किलो, अंजनेरीच्या चढाला तुम्ही सगळा भार एका पायडलवर टाकला, क्रँक 170 मिमीचा आणि पुढच्या चेनरिंगला 34 दात, तर चेनवर येणारा ताण तुमच्या वजनाच्या जवळपास अडीचपट होतो आणि तो उजव्या बेअरिंगला मागे खेचतो. उजव्या पायाचा जोर थेट चेनरिंगला जातो पण डाव्या पायाचा जोर दोन्ही क्रँक जोडणाऱ्या एक्सलमधून पलीकडे जावा लागतो, त्यामुळे प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला भाराची दिशा आणि जागा बदलते. बेअरिंग धरणारा कप फ्रेमच्या भोकात, म्हणजे बोअरमध्ये, केसभर जरी सैल असला तरी तो दर फेऱ्याला इकडून तिकडे घासतो, अडकतो, सुटतो. ती तुमची कटकट. त्या फटीत पावसाचं पाणी आणि माती गेली की काम आणखी लवकर बिघडतं.

असा कप हातात घेऊन बघितलाय मी. बाहेरून काजळीसारखी काळी पेस्ट लागलेली, ती पुसली की खाली फक्त एका बाजूला चंद्रकोरीसारखा चकाकणारा पट्टा, बाकी कप कोरा. म्हणजे कप गोल बसलाच नव्हता, एका कडेवर टेकून होता. बेअरिंग मात्र लोण्यासारखी फिरत होती, आणि ती बिचारी कचऱ्यात गेली असती!

तेव्हा मेकॅनिकला सांगा, बोअर गेजने दोन्ही बाजूचे बोअर मोज, प्रत्येकी आडवं आणि उभं. आकडे वेगळे आले तर बोअर गोल नाही. मग असे कप घ्या जे शेलच्या (फ्रेममधल्या बीबीच्या नळीच्या) आत एकमेकांत आट्यांनी अडकतात, दोन्ही बेअरिंग एका सरळ नळीत आल्यासारख्या होतात आणि बऱ्याच वेळा प्रश्न मिटतो. फरक थोडाच असेल तर रिटेनिंग कंपाउंड (फट भरून कप घट्ट धरणारा डिंकासारखा पदार्थ) लावूनही भागतं. हातोडीने मात्र कप ठोकू देऊ नका, प्रेसनेच बसवायचा, ठोकला की छर्ऱ्यांचे ठसे रेसवर (छर्रे धावतात त्या कड्यावर) उमटतात आणि नवी बेअरिंग पहिल्याच दिवशी खराब. आणि राईडनंतर वॉशिंग सेंटरला प्रेशरचं पाणी बीबीवर मारू नका, साधी बादली आणि फडकं बास.

प्रश्न: वडिलांची जुनी काळी सायकल आहे, पंचवटीतल्या दुकानात नेली. डावी वाटी निघाली, उजवी पान्याला पाईप लावूनही हलत नाही. कापावी लागेल का?

उत्तर: थांबा, कापू नका, बहुतेक ती उलट्या दिशेने आवळली जातेय. ब्रिटिश पद्धतीच्या बीबीत चेनकडच्या वाटीला उलटे आटे असतात, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवली की सुटते. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा. उलटे आटे कशासाठी ते घरी करून बघा, मुठीत पेन्सिल सैल धरा आणि तिच्या टोकाने हवेत गोल काढा, पेन्सिल स्वतःभोवती उलटी फिरते. एक्सल फिरताना वाटीचंही असंच होतं, म्हणून ती आपोआप आवळली जाईल असे आटे दिले. इटालियन बीबीत दोन्हीकडे सुलटे आटे, तिथे उजवी वाटी सैल होते ही जुनी तक्रार आहे. परत जोडताना दर बाजूला पाव इंचाचे 11 छर्रे येतात, भरपूर ग्रीस भरा.

प्रश्न: दादा, मी मेकॅनिकल थर्ड इयरला आहे, प्रोजेक्टला नवीन बीबी डिझाइन करायचाय. एक्सल अजून जाड करून वजन कमी करू का?

उत्तर: अरे, हीच वाट इंडस्ट्रीने आधी चालून बघितलीये, ते वाचून मग सुरुवात कर. जुन्या शेलचं भोक साधारण 34 मिमी, त्यात चौकोनी टोकाचा 17 मिमीचा एक्सल, छर्ऱ्यांना मोकळी जागा. नव्वदच्या दशकात ऑक्टालिंक आणि आयसिस ह्या बीबीच्या पद्धतींमध्ये त्याच भोकात 22 मिमीच्या आसपासचा एक्सल घातला, छर्रे बारीक करावे लागले आणि बेअरिंग लवकर जायला लागल्या. मग सायकलचे पार्ट बनवणाऱ्या शिमानोने 24 मिमीचा स्टील एक्सल ठेवून बेअरिंग शेलच्या बाहेर नेल्या. कॅननडेल ह्या सायकल कंपनीने 2000 साली बीबी30 आणला, 42 मिमीच्या भोकात 30 मिमीचा ॲल्युमिनियम एक्सल, बेअरिंग थेट फ्रेममध्ये प्रेस. इथे एक हिशोब कर: भरीव दांड्याची पिळाला ताठरता व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते, 24 चा 30 केला तर सुमारे 2.4 पट, पण ॲल्युमिनियम स्टीलच्या एक तृतीयांश ताठ. म्हणजे वजनात वाचलास, ताठरतेत तसं काहीच कमावलं नाहीस, पोकळ एक्सलची भिंत किती जाड ठेवतोस त्यावर सगळं. आणि आटे काढून टाकल्यामुळे सगळा भरवसा बोअरच्या मापावर आला, ते माप साच्यातून निघणाऱ्या कार्बनमध्ये दरवेळी तंतोतंत मिळणं सोपं नाही. वरचा सातपूरचा प्रश्न तिथूनच आला. शेवटी 2015 ला टी47 आला, 47 मिमीचे आटे, म्हणजे मोठं भोकही आणि आटेही, आणि मोठ्या कंपन्याही परत आट्यांकडे वळल्या.

म्हणून मला विचारशील तर एक्सल सोड, दोन गोष्टींवर काम कर: दोन्ही बोअर एका रेषेत राहणं आणि सील. वेल्डिंगच्या उष्णतेने धातूचा शेल वाकडा होतो, म्हणून वेल्डिंगनंतर दोन्ही बाजू एकाच सेटिंगमध्ये बोअर करायच्या, आणि अंबडच्या वर्कशॉपमध्ये हे रोज करणारी माणसं आहेत, त्यांच्याकडे जाऊन बस, पुस्तकापेक्षा जास्त कळेल. सीलसाठी साधा रिग (चाचणीचा सांगाडा) बनव, मोटरने 90 आरपीएम, क्रँकवर धक्क्याने येणारा भार, वरून मातीचं पाणी ठिबकत ठेव. रोज फिरवायला लागणारा टॉर्क आणि एक्सल किती सैल हलतो ते लिहून ठेव. घट्ट सील पाणी अडवतो पण पायाला जड जातो, हलका सील पाणी आत घेतो, ह्या दोघांमधली जागा शोधायची हे खरं डिझाइन आहे. 2015 ला रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण करणारे महाजन बंधू आपल्या नाशिकचेच, इथे पावसातही शंभर किलोमीटर मारणारे खूप जण आहेत, रिगवर टिकलेला बीबी त्यांच्यापैकी कुणाच्या तरी सायकलला जूनमध्ये बसव आणि सप्टेंबरमध्ये उघडून बघ.