वीस मशीनवर तेच पॅकेज वीसदा कशाला उतरवायचं?

शाळेच्या लॅबमध्ये उबुंटूची वीस मशीन, नेट बेताचं आणि प्रत्येक मशीनवर तेच अपडेट पुन्हा पुन्हा उतरतंय. एका मशीनवरच्या डेब फाइली (उबुंटूची पॅकेजं याच रूपात येतात) पेनड्राइव्हने बाकीच्यांवर टाकल्या तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. चालेल, पण दोन अपडेटांत कंटाळाल.

या फाइली व्हार/कॅश/एपीटी/आर्काइव्ह्ज या फोल्डरमध्ये उतरतात. तुम्हाला ते रिकामं दिसत असेल, कारण उबुंटू १६.०४ पासून पॅकेजं उतरवून बसवणारा नुसता 'एपीटी' हा आदेश इन्स्टॉल झाल्याबरोबर फाइली पुसून टाकतो, जुना 'एपीटी-गेट' आदेश ठेवतो. फाइली हाती आल्या तरी डीपीकेजीने (एकटी डेब फाइल बसवणाऱ्या आदेशाने) एकेक बसवू नका, डिपेंडन्सीत, म्हणजे एका पॅकेजला लागणाऱ्या दुसऱ्या पॅकेजांत अडकाल. दुसऱ्या मशीनच्या त्याच फोल्डरमध्ये टाका आणि नेहमीसारखं इन्स्टॉल करा. हॅश (फाइलीच्या मजकुरावरून काढलेली खूण) जुळला की एपीटी तीच फाइल घेतो. हे फोल्डर एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर वाटण्याच्या सोयीने) सगळ्यांना शेअर करायचं मात्र डोक्यातून काढा. दोन मशीन एकदम अपडेट करू लागली की लॉक फाइलवरून (एका वेळी एकालाच काम करू देणाऱ्या फाइलवरून) भांडण ठरलेलं.

त्यापेक्षा कायम चालू असणाऱ्या एका मशीनवर एपीटी-कॅशर-एनजी बसवा. एकदा उतरलेलं पॅकेज तो साठवून (कॅश करून) बाकीच्या मशीनना देतो. जुनं पीसीही पुरतं, फक्त डिस्कवर जागा हवी आणि आयपी पक्का हवा. बसवताना तो एचटीटीपी टनेलबद्दल विचारतो, तिथे 'नाही' म्हणा. मग बाकीच्या मशीनवर ईटीसी/एपीटी/एपीटी.कॉन्फ.डी मध्ये छोटी फाइल करून एचटीटीपी प्रॉक्सी (नेटकडे जाताना मधे लागणारं मशीन) म्हणून या सर्व्हरचा आयपी आणि पोर्ट ३१४२ द्या. नेमकी ओळ टाइप करायचीही गरज नाही: ब्राउझरमध्ये तोच आयपी आणि पोर्ट टाका, पान उघडतं त्यात ती तयार मिळते. किती फाइली कॅशमधून गेल्या याचा हिशेबही तिथूनच दिसतो.

आता हमखास येणारी अडचण. क्रोमसारख्या बाहेरच्या रिपॉझिटरी (पॅकेजं जिथून उतरतात ते सर्व्हर) एचटीटीपीएसवर असतात आणि एपीटी त्यांनाही याच प्रॉक्सीकडे पाठवतो. मग ४०३ (परवानगी नाही) हा एरर येतो आणि लोक सगळंच काढून टाकतात. त्याच फाइलमध्ये एचटीटीपीएस प्रॉक्सीपुढे 'डायरेक्ट' लिहा, विषय संपला. त्या रिपॉझिटरी कॅश होणार नाहीत, एवढंच.

मधलं मशीन फाइलीत काही घुसडेल ही भीती नको. रिपॉझिटरीच्या रिलीज फाइलवर डिजिटल सही असते, तिच्यातून प्रत्येक पॅकेजचा हॅश पडताळला जातो. खोटी फाइल आली तर एपीटी नाकारतो.

शिक्षकांचे लॅपटॉप घरी गेले की प्रॉक्सी सापडत नाही आणि अपडेट थांबतं. त्यांच्यावर ही ओळ न टाकता ऑटो-एपीटी-प्रॉक्सी बसवा. कॅशर दिसला तर वापरतो, नाहीतर थेट जातो.

काही मशीनवर २२.०४ आणि काहींवर २४.०४ असेल तर फायदा निम्म्यावर येतो, कारण पॅकेजं वेगळी. लिनक्स मिंट मात्र बहुतेक पॅकेजं उबुंटूचीच घेतो, म्हणून २२.०४ वर बेतलेला मिंट २१ त्याच कॅशवर छान चालतो.

आणि फायरफॉक्स यात येणार नाही. २२.०४ पासून तो स्नॅप (डेबपेक्षा वेगळ्या प्रकारचं पॅकेज) आहे, एपीटीचा कॅशर त्याला शिवत नाही. त्यासाठी एका मशीनवर 'स्नॅप डाउनलोड' करा, मिळालेल्या दोन्ही फाइली (स्नॅप आणि त्याच्या सहीची) बाकीच्यांवर नेऊन आधी सहीच्या फाइलीवर 'स्नॅप ॲक' आणि मग स्नॅपवर 'स्नॅप इन्स्टॉल'. इथे पेनड्राइव्ह चालेल.