विचारा ताईला : ट्रेड शोला जाऊ, पण ऑर्डर तिथेच देऊ का?

प्रश्न : ताई, कपडे आणि थोड्या होम डेकोरच्या वस्तू असं छोटं बुटीक काढतेय, दोन महिन्यांनी उघडायचंय. पुढच्या आठवड्यात तीन दिवसांचा डिझाइन ट्रेड शो आहे, म्हणजे दुकानदारांना घाऊक ऑर्डर देता येते ते प्रदर्शन, नाव नोंदवलंय पण आता धाकधूक होतेय. एवढ्याशा दुकानवालीला तिथे कोण विचारणार? आणि मैत्रीण म्हणते सगळा माल तिथूनच एकदम उचल. काय करू?

उत्तर : जा गं, बिनधास्त जा. कोण विचारणार म्हणतेस, पण त्या लोकांनी स्टॉलचं भाडं भरलंय, रिकामं बसायला थोडीच आलेत ते! फक्त "नुसतं बघतेय" असं पुटपुटत पुढे सरकू नकोस. बुटीक कधी उघडतंय, जागा केवढी, गिऱ्हाईक कोण, हे एका दमात सांगता आलं पाहिजे आणि हातात कार्ड हवं. दुकानाचा बोर्ड अजून लागला नसेल तरी चालेल, कार्ड मात्र हवंच.

मैत्रिणीचं मात्र ऐकू नकोस. पहिल्या दिवशी एकही ऑर्डर द्यायची नाही, कितीही जीव जडला वस्तूवर तरी. मी माझ्या पहिल्या शोमध्ये सकाळी अकराच्या आत सही करून मोकळी झाले होते. टॉप होते, सुंदर होते, स्टॉलवाला म्हणाला मिनिमम, म्हणजे कमीत कमी ऑर्डर, फक्त १२, मला वाटलं १२ नग, त्यात काय एवढं. फॉर्मवर बारीक अक्षरात होतं, प्रत्येक रंगाला, प्रत्येक साइझला १२. मी तीन रंग आणि चार साइझवर टिक केलेली. म्हणजे १४४ टॉप! खोके ठेवायला जागा नाही म्हणून ट्रायल रूममध्ये रचले, बायका त्यांच्यावरच पर्स ठेवून कपडे घालून बघायच्या. त्यातला मोहरी रंग तर तीन वर्षं माझ्याकडेच मुक्कामाला होता.

तेव्हा मिनिमम किती हे विचारून थांबू नकोस, मिनिमम कशावर ते विचार, डिझाइनवर, रंगावर, साइझवर की एकूण बिलावर. एकूण बिलावर असेल तर तुझ्यासारखीला सगळ्यात सोयीचं, थोडं थोडं मिक्स करून घेता येतं. आणि पहिल्या ऑर्डरला मिनिमम कमी करता का असं सरळ विचारायचं, लाज कसली, बरेच जण करतात.

दुसरं म्हणजे तारीख. स्टॉलवर टांगलेला माल तयार पडलेला असतो असं आपल्याला वाटतं, पण तो बहुतेक वेळा पुढच्या सीझनचा नमुना असतो, ऑर्डर आल्या की मग माल बनतो. पॅरिसचं प्रीमियर व्हिजन हे कापडाचं प्रदर्शन तर फेब्रुवारीत पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्याचं कापड दाखवतं. तुझ्याकडे दोनच महिने आहेत, म्हणून उद्घाटनासाठी रेडी स्टॉक कोणाकडे आहे ते आधी शोध, बाकीच्यांची कार्डं घेऊन ठेव.

रेटचं थोडक्यात सांगते. स्टॉलवरच्या रेटमध्ये वाहतूक आणि टॅक्स बहुतेक वेळा धरलेला नसतो. घाऊक भावाच्या दुप्पट किंमत लावायची हा बुटीकवाल्यांचा जुना हिशेब आहे, पण दुप्पट करायचं ते माल तुझ्या दारात पोचेपर्यंत जो खर्च पडतो त्याचं. पहिल्या वेळेला उधारी मिळेल अशी आशा ठेवू नकोस, नव्या माणसाकडून आगाऊ पैसे मागतातच.

आता माझ्या आवडीचा भाग. पर्समध्ये मोजायची टेप आणि पांढरा रुमाल ठेव. हॉलमधल्या दिव्यांखाली रंग फसवा दिसतो, म्हणून नमुना घेऊन दारापाशी उजेडात जायचं, स्टॉलवाला चांगला असेल तर स्वतःच येतो बरोबर. मग रुमालाचं टोक ओलं करून विचारून कापडाच्या आतल्या बाजूला आठ-दहा वेळा घास, गडद निळ्या आणि लाल रंगाला तर हमखास. रुमाल रंगला तर समज, गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कपड्यांचं काय होणार ते. कापडाचा तुकडा मागून आण, घरी त्यावर पेनाने २० सेंटीमीटरचा चौकोन काढ, धू, वाळव, परत मोज. एक सेंटीमीटर कमी भरलं म्हणजे कापड ५ टक्के आटलं, आणि १०० सेंटीमीटर छातीचा टॉप ५ सेंटीमीटरनी आटला की साइझच बदलली की गं!

आणि फोटो काढायच्या आधी विचार, कॉपीच्या भीतीने डिझायनर लोक चिडतात. हो म्हणाले तर आधी स्टॉलच्या नंबरचा काढ आणि मग वस्तूचा, नाहीतर रात्री दोनशे फोटो बघत बसशील आणि तो दिवा कोणत्या स्टॉलवरचा ते काही केल्या आठवणार नाही.

प्रश्न : शेवटच्या दिवशी सॅम्पल स्वस्तात मिळतात म्हणे, खरंय का?

उत्तर : मिळतात कधीकधी, परत बांधून न्यायचा कंटाळा असतो ना त्यांना. पण काही शोमध्ये किरकोळ विक्रीला बंदी असते, तेव्हा आदल्या दिवशी हळूच विचारून ठेवायचं. सॅम्पल एकाच साइझचा असतो, खूप हाताळलेला असतो, विकायला नको घेऊस. काचेतल्या पुतळ्याला घालायला मस्त.