लाडकी बहीणचे पैसे बायका साड्या-मोबाईलवर उडवतात, टॅक्स भरणाऱ्याला राग येणं चूक आहे का?

राग येणं चूक नाही. मलाही आला होता, आणि ज्या दिवशी आला तो दिवस नीट लक्षात आहे म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. तुम्ही म्हणताय की वय २७, पुण्यात नोकरी, बाईकचा आणि फोनचा ईएमआय चालू, क्रेडिट कार्डाचं सध्या मिनिमम, म्हणजे बिलातली बँक मागते ती किमान रक्कम, भरून भागवताय, पगारातून टीडीएस कापला जातो आणि शेजारच्या वस्तीतल्या बायका मात्र फुकटचे १५०० घेऊन खरेदीला जातात. तुमच्या जागी मी तीन वर्षांपूर्वी होतो. म्हणून आधी कार्डाचं बोलतो, मग बायकांचं.

माझं कर्ज कुठल्या मोठ्या खर्चामुळे झालं नाही. घरात कुणी आजारी नव्हतं, धंदा बुडाला नव्हता. २०२१ ला वाकडला फ्लॅट घेतला, त्याचा हप्ता ३८ हजार, तो एकदाही चुकला नाही, पण नवीन घर म्हणून सोफा आला, सोफ्यासमोर जुना टीव्ही बरा दिसेना म्हणून टीव्ही आला, सगळं नो कॉस्ट ईएमआयवर, एकेक हप्ता अडीच-तीन हजारांचा म्हणून काही वाटायचं नाही आणि बघता बघता असे सहा हप्ते झाले. मध्येच मेसेज यायचा की तुमचं लिमिट वाढवलंय आणि मला खरंच बरं वाटायचं, कुणीतरी पाठीवर थाप मारल्यासारखं. शुक्रवारी ऑफिसच्या पोरांबरोबर जेवायला गेलो की पूर्ण बिल मी कार्डाने भरायचो, ते लोक आपापले पैसे गुगल पे करायचे, ते पैसे बचत खात्यात यायचे आणि तिथून परस्पर खर्च व्हायचे, कार्डावरचं बिल तसंच उभं. २०२३ ला कंपनीने व्हेरिएबल पे, म्हणजे पगाराचा कामगिरीवर मिळणारा भाग, दिला नाही आणि त्या महिन्यात पहिल्यांदा मिनिमम भरलं. एकदा ती सवय लागली की सुटत नाही हे आता तुम्हालाही कळलं असेल.

आमच्या गावाकडे, माण तालुक्यात, व्याज शेकड्यावर बोलतात. अमक्याने शेकडा तीनने पैसे उचलले असं कळलं की माझी आई तोंडावर हात ठेवायची, महिन्याला शंभरामागे तीन रुपये म्हणजे ते घर गेलं म्हणायचं. आता माझ्या कार्डाचा दर बघा, महिन्याला साडेतीन टक्के, त्या व्याजावर परत १८ टक्के जीएसटी, म्हणजे शेकडा चारच्या वर. महाराष्ट्रात परवाना असलेल्या सावकाराला शेतकरी नसलेल्या माणसाकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही, आणि मी सुशिक्षित माणूस वर्षाला ४० च्या पुढे देत होतो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली कार्डाच्या व्याजाला ३० टक्क्यांची हद्द घातली होती, ती सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली, त्यामुळे त्याही आशेवर राहू नका.

दोन कार्डांचे मिळून माझ्यावर २ लाख ५५ हजार झाले होते. त्याचं महिन्याचं व्याज जीएसटी धरून साडेदहा हजार. मी पावणेतेरा हजार भरायचो आणि समाधान मानायचो की चला, भरतोय ना, पण त्यातून मुद्दल जेमतेम बावीसशे कमी व्हायचं. शिवाय मागचं बिल पूर्ण भरलेलं नसलं की नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, ते ४५-५० दिवस बिनव्याजी वगैरे काही मिळत नाही. हे मला पाच महिन्यांनी समजलं कारण तोपर्यंत मी स्टेटमेंटचा मेल उघडतच नव्हतो, दिसला की पोटात गोळा यायचा. तुम्ही मिनिमम भरताय म्हणालात म्हणून कळकळीने सांगतो, आजच कार्ड वापरणं बंद करा, पर्सनल लोन काढून ते संपवता येत असेल तर संपवा, तिथे दर सहसा याच्या निम्म्याहून कमी मिळतो. फक्त कार्ड रिकामं झाल्यावर परत वापरायला काढायचं नाही, माझा एक मित्र तिथेच फसला आणि आता लोनही भरतोय आणि कार्डही.

आता त्या रागाच्या दिवसाचं. ऑगस्ट २०२४, राखीपौर्णिमेच्या आधीचा आठवडा. आमच्याकडे पोळ्या-भाजीला येणाऱ्या मावशी जालन्याकडच्या, काळेवाडीत भाड्याच्या खोलीत राहतात, नवरा आठ वर्षांपूर्वी सोडून गेला, एक मुलगी अकरावीत. पिठाचा हात तसाच ठेवून त्यांनी फोन माझ्यापुढे धरला, दादा बघा बरं, आलेत का. काचेला तडा गेलेला, मेसेज इंग्रजीत. जुलै-ऑगस्टचे मिळून ३००० जमा झाले होते. मी सांगितलं तरी आकडा त्यांनी स्वतः बोट ठेवून परत वाचला. चार दिवसांनी मोरपंखी रंगाची नवी साडी नेसून आल्या, आणि मिक्सर पण घेतला म्हणाल्या, वरचे थोडे पदरचे घालून. मला आतून काहीतरी खटकलं. बोलून गेलो, मावशी, पैसे मुलीच्या फीला ठेवायचे ना, साडी कशाला. त्या आठवड्यात माझ्या टेबलावर ऑनलाइन मागवलेले हेडफोन पडून होते, मी खोका अजून उघडलासुद्धा नव्हता.

मावशी चिडल्या नाहीत. म्हणाल्या, दादा, अकरा वर्षं झाली पुण्यात येऊन, कामाच्या घरच्याच साड्या नेसले मी. दुकानात उभं राहून हा रंग नको, तो दाखवा, असं पहिल्यांदा म्हणले.

मी गप्प बसलो. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मी लगेच बदललो वगैरे असं काही झालं नाही, राग थोडा राहिलाच. तो गेला दोन महिन्यांनी, दिवाळीत.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा वडिलांना सगळं सांगून टाकलं. वडील एसटीत कंडक्टर होते, रिटायर झाल्यावर मिळालेल्या पैशांतली एक एफडी होती तालुक्याच्या बँकेत. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर गेले आणि मोडली. मी मनातल्या मनात उत्तरं तयार करून बसलो होतो, कशावर खर्च केले, एवढे कसे झाले, तर त्यांनी एकच विचारलं, चेक बँकेच्या नावाने काढायचा का तुझ्या. बस. अडीच लाख रुपये, आणि सोफा केवढ्याला घेतला हेसुद्धा विचारलं नाही. येताना मोटरसायकलवर मागे बसलो होतो आणि डोक्यात मावशींची साडी आली, की आपण ९०० रुपयांच्या साडीचा हिशोब मागितला त्या बाईला. तेव्हापासून मला या विषयावर सोपं मत देता येत नाही.

वडिलांनी का विचारलं नाही ते नंतर आत्याकडून कळलं. ७२ च्या दुष्काळात आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची, वडील तेव्हा अकरा वर्षांचे, तिच्याबरोबर जायचे आणि तिथे मिळणारी सुकडी खाऊन दिवस काढायचे. मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरीची गोष्ट तर मी लहानपणापासून ऐकलीय, पण ती सरकारी मदत होती असं मला कधी सुचलंच नव्हतं, मला ती आजीची मेहनत वाटायची. ती मेहनत होतीच. पण काम नसताना काम काढून देणारं सरकार होतं आणि त्यामागे कुणाचे तरी पैसे होते. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना त्या दुष्काळाच्या काळातच सुरू झाली, १९७७ ला तिचा कायदा झाला, आणि तिच्या खर्चासाठी १९७५ पासून शहरातल्या नोकरदारांना व्यवसाय कर लागला. तुमच्या पगाराच्या स्लिपवर पीटी म्हणून २०० रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत ३००, तो तोच. म्हणजे पुढे मुंबईतला कुणी कारकून पगारातून पैसे देत होता आणि माझ्या तालुक्यात चुली पेटत होत्या.

आणि आत्ताचं बघा. मी जुन्या टॅक्स पद्धतीत आहे, गृहकर्जाच्या व्याजावर दोन लाखांची वजावट मिळते, माझ्या स्लॅबला वर्षाला ६२,४०० रुपये वाचतात. मावशींना वर्षाला १८,०००. माझे वाचलेले ६२,४०० मी हेडफोनवर घातले का गोव्याला जाऊन उडवले हे आजवर कुणी विचारलेलं नाही, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझे फोटो टाकून बघा आमचा पैसा असं कुणी लिहिलेलं नाही. टॅक्स फक्त आपण भरतो हेही खरं नाही. मावशी तेल घेतात, साबण घेतात, फोनला रिचार्ज मारतात, प्रत्येकात जीएसटी आहे, साबणावर तर २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के होता, माझ्या साबणावर जेवढा तेवढाच.

कर्ज त्यांच्यावरही आहे. खोलीच्या डिपॉझिटसाठी गटाचं लोन काढलंय, चाळीस हजार. हप्त्याच्या दिवशी गटातल्या दहा जणी एकीच्या घरी जमतात, वसुलीचा साहेब येतो, आणि एकीचे कमी पडले तर बाकीच्यांनी घालायचे, तोवर कुणी उठायचं नाही. मी कार्डाचं बिल चुकवलं तेव्हा मला हेडफोनमध्ये फोन आला, शेजारच्या टेबलवाल्यालाही कळलं नाही. १५०० मधले हजार मावशी भिशीत टाकतात आणि पाचशे या हप्त्याला जोडतात. साडी ती एकदाच झाली.

सरकारला प्रश्न विचारूच नयेत असं मी म्हणत नाही, जरूर विचारा. विधानसभेच्या तोंडावर योजना आणली, पात्रता नीट न तपासता वाटलं, मग सरकारी नोकरीतल्या दोन हजारांच्या वर बायका आणि हजारो पुरुषही पैसे घेताना सापडले. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विभागाचा निधी इकडे वळवला म्हणून त्याच सरकारमधले मंत्री संजय शिरसाट उघड नाराज झाले होते, म्हणजे एका गरिबाच्या ताटातलं काढून दुसऱ्याच्या ताटात वाढणं झालं ते. राज्यावरचं कर्ज नऊ लाख कोटींच्या वर आहे. यावर रागवा, मीही रागावतो. पण हे सगळं मंत्रालयात ठरलं, काळेवाडीत नाही.

सप्टेंबर २०२५ पासून योजनेला ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणं, सक्तीची केली. आधी बाईचा आधार नंबर आणि ओटीपी, मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार आणि त्याचा ओटीपी. नवरा वारला असेल तर मृत्यूचा दाखला, घटस्फोट झाला असेल तर त्याचा कागद, तो अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा होता. मावशींकडे यातलं काही नाही, नवरा जिवंत आहे, घटस्फोट नाही, नुसता निघून गेलाय, आणि वडील कधीच गेले. रेशनकार्डाच्या पिशवीत नवऱ्याच्या आधारची झेरॉक्स सापडली पण ओटीपी जाणार त्याच्या फोनवर. रात्री साडेदहाला आम्ही स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसलो, दिवसा साइट उघडतच नव्हती. आठ वर्षांनी मावशींनी अंबडला दिराला फोन लावला. पहिला ओटीपी आला तो साइट अडकली म्हणून वाया गेला. दुसऱ्यांदा फोन केला तर दीर विचारायला लागला की कशाला पाहिजे, महिन्याला किती मिळतात, कुठे खर्च करतेस आणि त्यातले भावाला किती देणार. मावशी एवढंच म्हणाल्या, ते बघू, तुम्ही आधी आकडे सांगा, आणि माझ्याकडे बघून मान हलवली, टाइप करा म्हणून.