रिसेट मारला आणि कमिट गेले

प्रश्न: दादा, मी गिट (कोडमधले बदल जपून ठेवणारं सॉफ्टवेअर) कायम एडिटरमधल्या बटणांनीच वापरत आलेय, काल पहिल्यांदा टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, गिट रिसेट हार्ड मारलं आणि दोन दिवसांचे तीन कमिट (जपून ठेवलेल्या बदलांच्या नोंदी) गायब! परत मिळतील का? आणि कमांड लाइन शिकायलाच हवी का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर: आधी घाबरू नकोस. कमिट केलेलं काम गिट असं सहजासहजी टाकून देत नाही, रिसेटने फक्त तुझी ब्रँच, म्हणजे कमिटच्या साखळीचं टोक, मागच्या कमिटवर नेऊन ठेवली, ते तिन्ही कमिट अजून तुझ्याच मशीनवर आहेत. टर्मिनलवर गिट रिफ्लॉग टाइप कर, हेड (तू सध्या कुठल्या कमिटवर आहेस ती खूण) कुठे कुठे फिरलं त्याची यादी येईल, वरच्या ओळीत तुझा रिसेट दिसेल आणि बहुतेक त्याच्या लगेच खाली तुझा शेवटचा कमिट, ओळीच्या सुरुवातीला अक्षरं-आकड्यांचा छोटा कोड असतो तो कॉपी कर. मग गिट ब्रँच, पुढे नवीन नाव, पुढे तो कोड. झालं, तिन्ही कमिट त्या ब्रँचवर. पण आजच कर, अशा सुट्या पडलेल्या कमिटच्या नोंदी रिफ्लॉगमध्ये डिफॉल्टने ३० दिवसच टिकतात. गिटमध्ये आधीपासून असलेल्या फाइलींतले जे बदल ॲड (कमिटसाठी निवडणं) किंवा कमिट केलेच नव्हते ते मात्र गेले गं, गिटकडे त्याला इलाज नाही.

आणि हो, शिकच. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) कामासाठी गिट लिहिलं ते कमांड लाइनसाठीच, रिफ्लॉगसारख्या गोष्टी बऱ्याच एडिटरांत सहज सापडतही नाहीत. सुरुवातीला प्रत्येक कमांडच्या आधी गिट स्टेटस (काय बदललंय, काय कमिट व्हायचंय ते दाखवणारी कमांड) बघायची सवय लाव.