आयत्या वेळचे विषय : सभेआधीची बैठक

(गावकारभाराविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना एका निवृत्त ग्रामसेवकाची उत्तरं)

प्रश्न : आमची ग्रामसभा अर्ध्या तासात उरकते. अजेंडा वाचला, ‘मंजूर, मंजूर’ झालं, चहा आला. मग शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर सह्या गोळा करत फिरतो. म्हणून आम्ही काही बायका आणि कॉलेजची मुलं महिन्यातून एकदा मारुतीच्या देवळात बसून गावच्या प्रश्नांवर बोलायचं म्हणतोय. पण ‘नवीन पॅनेल काढताय काय?’ असं आत्ताच कानावर यायला लागलंय. करावं की नको?
— एक भगिनी, ता. खटाव, जि. सातारा

उत्तर : ताई, खुशाल करा. पॅनेलचं म्हणाल, तर चार बायका नळावर जरा जास्त वेळ थांबल्या तरी लोकांना पॅनेल दिसतं. त्याला इलाज नाही.

नोकरीभर मी ग्रामसभांचं प्रोसिडिंग लिहिलं. (आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. लिहायचं काम सुटलेलं नाही.) माझं मत विचाराल तर मोकळं बोलायला ग्रामसभेइतकी अवघड जागा नाही. तिथे ठराव होतो, सूचक-अनुमोदकाची नावं पडतात. त्यामुळे माणूस तोंड उघडण्याआधी कोण कुठे बसलंय ते बघतो. पाण्याच्या टाकीचा विषय निघाला की टाकी राहते बाजूला, वरची आळी आणि खालची आळी एवढंच उरतं. बोलणं आधीच व्हायला हवं, आणि तेही जिथे काहीच ठरवायचं नाही अशा ठिकाणी.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) तुम्ही ऐकलं असेल. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा सगळ्यांना पाठ आहे, त्यांचा अभ्यासगट मात्र फारसा कुणाला माहीत नाही. अभ्यासगटात कुणीही बसावं, बाहेरच्यानंही. माहिती काढावी, वाद घालावा, पण निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही सर्वसहमतीनं. याच गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे ते जंगल सांभाळायचा आणि वापरायचा सगळ्या गावाचा हक्क, मिळाला आणि २०११ मध्ये बांबू बाहेर न्यायला लागणाऱ्या वाहतूक पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. असा दावा उभा करायला नकाशे लागतात, पुरावे लागतात, कायदा कलमासकट वाचावा लागतो. अर्ध्या तासाच्या सभेत आणि चहाच्या घाईत ते होत नसतं.

तेव्हा तुमच्या बैठकीत ठराव नको, अध्यक्षही नको. दर खेपेला एक कागद मात्र हवा. पहिल्यांदा ग्रामपंचायतीचा विकास आराखडा मागून घ्या. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधलेली होती, बाकीची ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायची. आराखड्यात ‘गटार बांधकाम’ असं लिहून पुढे रक्कम दिसली, की सगळ्यांनी उठून ते गटार बघून यायचं. कुठून कुठवर आहे, पाणी वाहतंय का, पावलांनी मोजलं तरी चालेल. पुढच्या ग्रामसभेत ‘भ्रष्टाचार झाला’ असं ओरडण्यापेक्षा ‘कागदावरचं गटार शाळेपर्यंत आहे, जागेवरचं पिठाच्या गिरणीपाशी संपतं’ एवढंच म्हणा. बघा कोण काय बोलतं ते.

बसायला मात्र देऊळ नको. वस्तीतल्या बायका देवळात येतील, पण पायरीच्या कडेला टेकतील, आणि मुसलमान घरातल्या येणारच नाहीत. शाळेचा व्हरांडा मागा. सतरंजी अंथरा, खुर्च्या आणू नका. खुर्च्या आल्या की पुढची रांग कुणाची यावरच पहिली दहा मिनिटं जातात.

आता कायद्याचं. नेहमीच्या ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते आणि तिच्या शिफारशी ग्रामसभेपुढे ठेवाव्या लागतात. ही सभा बहुतेक गावांत कागदावरच होते. तुम्ही ती खरोखर भरवा. दुसरं, ग्रामसभेचा कोरम, म्हणजे किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तो. कोरम भरला नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही. काही हुशार सरपंच याच तहकुबीची वाट बघत असतात, म्हणून माणसं पहिल्या सभेलाच न्या. विषय नोटीस निघायच्या आधी लेखी द्या आणि पोच घ्या. ‘आयत्या वेळचे विषय’ येईपर्यंत लोक चपला शोधायला लागलेले असतात.

आणि घरी आलेल्या रजिस्टरवर सही करू नका. शिपायावर चिडू नका, त्याला पाठवलेलं असतं. ‘सभेत करते’ म्हणा आणि चहा द्या.

प्रश्न : मी नोकरीसाठी पुण्यात असतो, मतदार यादीत नाव गावातच आहे. ग्रामसभेत मला बोलता येईल का? ‘बाहेरच्यांनी बोलू नये’ असं एका सदस्यानं सुनावलं.
— एक वाचक, पुणे

उत्तर : गावच्या मतदार यादीत नाव, तो ग्रामसभेचा सदस्य. येताना यादीचं पान घेऊन या. पण एक ऐका, वर्षातून एकदा येऊन तासभर भाषण ठोकू नका.

प्रश्न : शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. आमच्या गावानंही तो केला, पेपरात फोटो आला. तरी मागच्या महिन्यात एका घरात बांगड्या फोडल्याच. ठरावाचा उपयोग काय?
— एक शिक्षिका, जि. सांगली

उत्तर : बाई, हे सगळं रडारडीत उरकतं आणि तेव्हा पुढे असतात भावकीतल्या म्हाताऱ्या. ठरावाच्या सभेला त्यांतली एक तरी होती का? सरपंचांनी वाचला, पुरुषांनी हात वर केले. त्या म्हाताऱ्यांना घेऊन बसा. रागावू नका, बहुतेकींच्या स्वतःच्या बांगड्या अशाच फोडलेल्या आहेत. ‘तुमच्या वेळी कसं झालं होतं?’ असं विचारा आणि नंतर गप्प बसा, त्या बोलतील.

दुसरी बाजू नवऱ्यांची. करमाळ्याचे सामाजिक कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांनी ‘माझ्यामागे माझ्या बायकोवर ही प्रथा लादू नये’ असं जिवंतपणी स्टँप पेपरवर लिहून ठेवलं. त्याच धर्तीवर एक मसुदा करा आणि गावातल्या पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांना पुढच्या बैठकीत वाचून दाखवा. ठरावाला हात वर करणाऱ्यांपैकी किती जण सही करतात, ते मला जरूर कळवा.